दुष्काळाचीं टिपणें व गांवच्या आरोग्यवह्या

सुमारें बारा वर्षांपूर्वीं मराठवाड्यांतील एका खेड्यांतून एक बाई वह्यांचें गाठोडें घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. आम्ही जुन्या कागदांचा संग्रह करतों असें त्यांना कोणीं तरी सांगितलें होतें. एका संस्थेच्या वतीनें त्यांनीं आपल्या गांवीं वीस-एक वर्षें आरोग्यसेविकेचें काम केलें होतें. संस्था पुढें बंद पडली आणि वह्या त्यांच्याच घरीं राहिल्या. पुठ्ठ्याच्या बांधणीच्या त्या लांबट वह्यांत कांहीं शिसपेनीनें, कांहीं निळ्या शाईनें, गांवांतील जन्म, मृत्यु, मुलांचीं वजनें व गरोदर स्त्रियांचे महिने टिपलेले होते. आम्हीं दोन-चार पानें उलटलीं. मोडी नाहीं, शिक्का नाहीं, शक नाहीं, असें पाहून 'यांत इतिहास नाहीं' असें सांगितलें व गाठोडें परत केलें. बाई कांहीं बोलल्या नाहींत. तीन वर्षांनीं आमचें मत पालटलें तेव्हां आम्हीं त्या गांवीं माणूस पाठविला. मधल्या एका पावसाळ्यांत छप्पर गळून वह्यांचा लगदा झाला होता आणि तो उकिरड्यावर गेला होता. प्रस्तुत लेख हें एका अर्थीं त्या गाठोड्याचें प्रायश्चित्त आहे.

आमचें मत कां पालटलें हें सांगावयाचें तर प्रथम इ. स. १८७६-७७ च्या दुष्काळाकडे वळलें पाहिजे. त्या दुष्काळाचें सरकारी दप्तर विपुल आहे व दख्खनच्या अर्वाचीन इतिहासाच्या अभ्यासकांना तें परिचितहि आहे. परंतु त्याच वेळीं दुसरें एक दप्तर तयार होत होतें, आणि तें सरकारी नव्हतें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें ठिकठिकाणच्या आपल्या माणसांकडून माहिती मागवून, ती जिल्हावार लावून, वेळोवेळीं मुंबई सरकारकडे दुष्काळाचीं टिपणें धाडलीं. पाऊस, पिकें, धान्याचे भाव, मदतीचीं कामें, त्यांवरील मजुरी, गांव सोडून जाणारीं माणसें, असा त्यांतील मजकूर. लोकांच्या संस्थेनें लोकांच्या जीविताविषयीं केलेल्या शोधनाचे जे लेखी पुरावे महाराष्ट्रांत उपलब्ध आहेत, त्यांत या टिपणांस आम्ही अग्रस्थान देऊं.

त्यांस आरोग्याचें शोधन म्हटलेलें कोणास खटकेल. परंतु अंगमेहनत करणाऱ्या माणसास दिवसाकांठीं किती धान्य मिळालें म्हणजे तो तग धरतो, हा प्रश्न वैद्यकाचा नव्हे असें कोण म्हणेल? दुष्काळांत माणूस नुसत्या भुकेनें क्वचितच मरतो. भुकेनें खंगलेल्या शरीरास पटकी, हगवण व हिंवताप गांठतात, आणि मृत्यूच्या नोंदींत नांव लागतें तें रोगाचें. भूक नोंदींतून गळते. ती पुन्हां नोंदींत आणणें हेंच सभेचें काम होतें.

हें काम सभेस कसें साधलें, इकडे मात्र अभ्यासकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. सभेची स्थापना २ एप्रिल १८७० ची. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयींचा असंतोष हें तिच्या जन्माचें निमित्त. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि पहिले अध्यक्ष झाले, आणि चालकत्व मुख्यतः गणेश वासुदेव जोशी यांजकडे होतें, ज्यांना पुढें सर्व लोक सार्वजनिक काका म्हणूं लागले. सभेच्या घटनेंतील एक नियम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. सभासद होऊं इच्छिणारानें निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें, असा तो नियम. आरंभींचे ९५ सभासद अशा रीतीनें सुमारें ६००० लोकांचे मुखत्यार होते. 'तुम्हीं कोणाच्या वतीनें बोलतां?' या प्रश्नाचें उत्तर सभेजवळ कागदावर होतें. असें एखादें मुखत्यारपत्र कोणा संग्राहकाच्या हातीं लागल्यास त्यानें तें सनदेइतकेंच जपावें.

१८७१ च्या अखेरीस महादेव गोविंद रानडे न्यायखात्यांतील नेमणुकीवर पुण्यास आले, आणि सभेच्या कामास शोधनाचें वळण लागलें. हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी पार्लमेंटची समिति त्या सुमारास करीत होती. त्या निमित्तानें सभेनें एक उपसमिति नेमून जिल्ह्यांजिल्ह्यांतून रयतेच्या स्थितीची माहिती गोळा केली व १८७३ मध्यें तिचा अहवाल छापून काढला. म्हणजे दुष्काळ पडण्यापूर्वीं तीन वर्षें, कोणास विचारावें, काय विचारावें, आलेलीं उत्तरें एकमेकांशीं कशीं ताडून पाहावीं, याचा सराव सभेस झालेला होता. तहान लागल्यावर विहीर खणण्याची पाळी तिच्यावर आली नाहीं. मे १८७५ मध्यें सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगे झाले, ते अनेक तालुक्यांत पसरले, व कुणब्याच्या कर्जाचा प्रश्न सर्वांच्या तोंडीं झाला. १८७६ सालीं पावसानें दगा दिला तेव्हां पुणें, सोलापूर, अहमदनगर, सातारा, कलादगी इत्यादि जिल्ह्यांतून पत्रें येण्याची वाट मोकळी होती.

जानेवारी १८७७ मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळी प्रांतांच्या पाहणीस धाडलें. याच टेंपलसाहेबांनीं १८७३-७४ च्या बिहार-बंगालच्या दुष्काळांत ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून असंख्य माणसें वांचविलीं होतीं आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपका पदरीं घेतला होता. तो ठपका धुऊन काढण्याची संधि त्यांना दख्खनच्या मजुरांच्या पोटावर सांपडली, असें म्हणणें कठोर खरें, पण कागद पाहिल्यावर दुसरें कांहीं सुचत नाहीं. मदतीच्या कामावरील प्रौढ पुरुषास एक पौंड धान्याची किंमत, म्हणजे बंगाली शेराच्या मानानें सुमारें अर्ध्या शेराची, व वर अर्धा आणा, एवढी मजुरी त्यांनीं पुरेशी ठरविली. ती पुरते कीं नाहीं हें प्रयोगानें पाहावयाचें होतें. प्रयोग ज्यांच्यावर व्हावयाचा त्यांना कोणीं विचारलें नव्हतें.

याच सुमारास मजुरांना गांवाजवळच्या लहान कामांवरून काढून लांबच्या मोठ्या कामांवर धाडण्याचें धोरण सुरू झालें. मजुरीची कपात व गांवापासूनची ताटातूट, दोन्ही एकदम आल्या. १८७७ च्या आरंभीं दख्खनच्या अनेक तालुक्यांत मजूर मोठ्या संख्येनें कामें सोडून निघून गेले. त्या काळीं हा शब्द रूढ नसला तरी हा संपच होता. एका घटनेचे येथें दोन अर्थ लागले. ज्याला खरोखरी भूक आहे तो काम सोडणार नाहीं, ज्या अर्थीं हे गेले त्या अर्थीं त्यांच्या घरीं दाणा आहे, असा अधिकाऱ्यांचा अर्थ. सभेनें मजुरांची बाजू घेतली आणि या अनुमानास हरकत घेतली. इतिहासाच्या अभ्यासकास हा वाद घरचा वाटावा. मौनावरून संमति काढावयाची कीं असहायता, हा आपणांस रोज पडणारा प्रश्न. आणि ज्याच्याजवळ गांवची बातमी आहे तोच त्याचें उत्तर देऊं शकतो. सभेजवळ ती बातमी होती. तिच्याजवळ वैद्य नव्हते, वजनकांटे नव्हते, छावणीच्या आंत जाण्याचा अधिकार नव्हता.

या गोष्टी ज्याच्याजवळ होत्या असा एक मनुष्य मद्रासेंत होता. तेथील सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीं तुरुंगांतील शिधा व मेहनती शरीराची गरज यांचे आंकडे पुढें मांडून टेंपल-मजुरीवर उघड हल्ला केला, आणि मद्रास इलाख्यांत ती मजुरी त्याच वर्षीं वाढवावी लागली. कॉर्निश सरकारी अधिकारी; त्यांचा आवाज आंतून आला. सभेचा बाहेरून आला. १८८० मध्यें दुष्काळ कमिशननें आपला अहवाल दिला व १८८३ मध्यें दुष्काळाच्या कायद्याचा मसुदा तयार झाला. त्यांत सभेच्या टिपणांचा वांटा किती, हें तोलून सांगूं जाणें धाडसाचें होईल. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, एका बिनसरकारी मंडळीनें सरकारच्या आंकड्यांपुढें आपले आंकडे ठेवले, आणि सरकारला ते वाचावे लागले. जुलै १८७८ मध्यें सभेनें आपलें त्रैमासिक सुरू केलें. तें इंग्रजींत निघे. मराठींत विचारलेले प्रश्न, मराठींत आलेलीं उत्तरें, आणि निष्कर्ष तेवढे इंग्रजींत, ही रीत तेव्हांपासूनची आहे, आणि तिचा प्रसंग पुढें पुन्हां यावयाचा आहे.

परंतु टिपणांची थोरवी सांगतांना त्यांतील पोकळी झांकून ठेवणें हें आमच्या शास्त्रास शोभणार नाहीं. सभेचे सभासद सरदार, इनामदार, सावकार, वकील व पेन्शनर. ५० सह्यांचा नियम चांगला, पण सह्या करणारे कोण व सह्या आणणारे कोण, हें पाहिलें म्हणजे त्याची मर्यादा ध्यानांत येते. खडी फोडणारा महार, मांग किंवा कुणबी टिपणांत येतो तो कोणी तरी पाहिलेला म्हणून; तो स्वतः कांहीं सांगत नाहीं. स्त्री तर मजुरीच्या दरापुरती येते. जोतीराव फुले यांचा सभेवरील आक्षेप याच ठिकाणीं होता.

म्हणूनच त्याच वर्षीचा दुसरा एक कागद टिपणांशेजारीं ठेवून वाचावा अशी आमची शिफारस आहे. २० एप्रिल १८७७ रोजीं सावित्रीबाई फुले यांनीं जुन्नर तालुक्यांतील ओतूर येथून जोतीरावांस लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. दाणा नाहीं, वैरण नाहीं, गुरें मरत आहेत, माणसें गांव सोडून चाललीं आहेत, हें सर्व त्यांत आहे. सत्यशोधक मंडळींनीं मदतीसाठीं काय उभें केलें तेंहि आहे. टिपणांत जें जिल्ह्याच्या मथळ्याखालीं येतें तें येथें एका गांवीं उभें राहून पाहिलेलें आहे, आणि पाहणारी मदत करणारांतलीच एक आहे. त्याच उन्हाळ्यांत धनकवडी येथें दुष्काळग्रस्त मुलांसाठीं सत्यशोधक समाजानें बालाश्रम चालविला. आश्रमांतून रोज किती मुलें जेवलीं याचा हिशेब ठेवणें हें दयेचें काम खरें. शोधनाचें काम तेंच. पत्राला आंकडेवारी म्हणतां येणार नाहीं, आणि टिपणांना साक्ष म्हणतां येणार नाहीं. दोन्ही एकत्र आलीं असतीं तर १८७७ चें चित्र आपल्यापुढें वेगळें उभें राहतें. तीं एकत्र आलीं नाहींत, कारण तीं लिहिणारीं माणसें एका बैठकीवर बसत नव्हतीं.

सभेच्या पुढील इतिहासांतून एकच गोष्ट घ्यावयाची. जुलै १८९५ मध्यें सभा टिळकांच्या पक्षाच्या हातीं आली. १८९६-९७ च्या दुष्काळांत तिच्या माणसांनीं खेड्यापाड्यांत जाऊन दुष्काळाच्या कायद्यानें रयतेला काय मिळावयास पाहिजे तें मराठींत समजावून दिलें. १८७७ मध्यें माहिती खेड्यांतून पुण्यास व पुण्याहून मुंबईस जात होती. आतां ती उलट दिशेनें खेड्यांत जाऊं लागली. सरकारला टिपणें सोसलीं होतीं, हें सोसलें नाहीं. मार्च १८९७ मध्यें सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली, म्हणजे तिचे अर्ज व अहवाल यापुढें दखल घेण्याजोगे राहिले नाहींत. तो महिना पुण्यास प्लेगचा होता. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई १० मार्च रोजीं वारल्या.

येथून आम्ही पाऊणशें वर्षें ओलांडून पुढें येतों. मधला काळ कोरा आहे असें नव्हे. पण १८७७ च्या टिपणांत जी पोकळी होती ती भरून काढण्याचा निश्चित प्रयत्न आम्हांस दिसतो तो १९७० नंतर, आणि तोहि, योगायोग असा कीं, त्याच दुष्काळी मुलुखांत. अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांतील जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० मध्यें काम सुरू केलें. खेड्यांतील स्त्रिया, त्यांतल्या कित्येक निरक्षर व कित्येक दलित, यांना त्यांनीं आरोग्याचें शिक्षण दिलें; गांवांत शेतकरी मंडळें व महिला मंडळें उभीं केलीं, आणि गांवचें मूल कां मेलें याची चौकशी गांवानेंच करावी असा पायंडा पाडला. जामखेडविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, म्हणून येथें विस्तार करीत नाहीं.

गडचिरोलीविषयीं मात्र थोडें सावकाश सांगितलें पाहिजे, कारण तेथील कामाची पद्धति आमच्या वाचकांस आपल्या पद्धतीची बहीण वाटेल. हा जिल्हा १९८२ मध्यें चंद्रपूरांतून वेगळा झाला. १९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचें तेथें काम आहे. त्यांनीं आरंभींच दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. शंभरांतील ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वीं कधीं त्यासाठीं तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत ८ होत्या. हा निबंध १९८९ मध्यें विलायतेच्या 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला. तोंवर खेड्यांतील स्त्रीचें आरोग्य म्हणजे तिचें बाळंतपण व संततिनियमन, एवढेंच सरकारी कागदांत होतें. रोग होता, दवाखान्यांत स्त्रिया येत नव्हत्या म्हणून त्याची नोंद नव्हती, आणि नोंद नव्हती म्हणून तो नाहीं असें धरून चालत. टेंपलसाहेबांच्या अधिकाऱ्यांनीं काम सोडून गेलेल्या मजुरांविषयीं जें अनुमान केलें होतें त्याच जातीचें हें अनुमान.

पुढचा प्रश्न नवजात अर्भकांचा. खेड्यांत मूल घरीं जन्मे व पहिल्या महिन्यांत गेलें तर घरच्या घरींच जाई. कित्येकदां त्याचें नांवहि ठेवलेलें नसे. अशा मुलाची नोंद कोण ठेवणार? गडचिरोलीच्या ३९ गांवांत हें काम गांवांतल्याच, बेताचें शिकलेल्या स्त्रियांकडे सोंपविण्यांत आलें. त्यांना आरोग्यदूत हें नांव मिळालें. ताणकांटा, तापमापक व घड्याळ घेऊन त्या बाळंतिणीच्या घरीं जात, मुलाचें वजन करीत, श्वास मोजीत आणि छापील तक्त्यांत तें लिहून ठेवीत. १९९५-९६ या वर्षीं त्यांनीं ७६३ अर्भकें घरोघरीं पाहिलीं. निम्म्याहून अधिक अर्भकांना वैद्यकीय उपचाराची गरज होती. डॉक्टरपर्यंत पोंचलीं तीं शंभरांत तीनहि नव्हतीं. त्यानंतर उपचारहि आरोग्यदूतांच्या हातीं देण्यांत आले. ४७ गांवें तुलनेसाठीं वेगळीं ठेवलेलीं होतीं. तिसऱ्या वर्षाअखेर तुलनेच्या गांवांच्या मानानें नवजात अर्भकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनीं उतरला. १९९९ च्या डिसेंबरांत हें प्रसिद्ध झालें, आणि २०११ पासून घरीं जाऊन अर्भकांची काळजी घेण्याची ही रीत केंद्र सरकारनें आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली.

आंकडे सर्वत्र छापलेले आहेत. आम्हांस त्यांमागील नोंदीची रीत लक्षांत आणून द्यावयाची आहे. गांवांतील नोंदणारा जन्म-मृत्यु घडतील तसे लिही, आणि दर सहा महिन्यांनीं निराळीं माणसें घरोघर हिंडून तीच माहिती नव्यानें गोळा करीत. मग दोन्ही याद्या एकमेकींवर ठेवावयाच्या. एकींत सांपडलें व दुसरींत नाहीं असें मूल निघालें कीं, त्याचा तपास. एकाच लढाईची हकीकत पेशवे दप्तरांतून व इंग्रजांच्या वखारींतील पत्रांतून ताडून पाहणारे आपण यापेक्षां वेगळें काय करतों? फरक इतकाच कीं, आपले साक्षीदार मेलेले असतात, आणि येथील नोंद करणारी बाई दुसऱ्या दिवशीं त्याच आळींतून पाण्याला जात असते. खोटें लिहिलें तर शेजारीण विचारील. ही तपासणी कोणत्याहि दप्तरखान्यांत होत नाहीं.

आतां आक्षेप. गडचिरोलीचे आरोग्यदूत मोजीत होते. काय मोजावयाचें हें ठरविलें डॉक्टरांनीं, आणि निबंधहि त्यांनींच लिहिला, तोहि इंग्रजींत. मग यास लोकांचें शोधन कसें म्हणावें? आक्षेप खरा आहे. लेखणी खेड्यांतील स्त्रीच्या हातीं आली हें १८७७ च्या मानानें मोठेंच पाऊल, परंतु प्रश्न अजून दुसऱ्याचा होता. याची जाणीव तेथील चालकांनाहि असावी, कारण पुढें आदिवासी गांवांच्या प्रतिनिधींची आरोग्यसंसद भरवून कोणत्या रोगावर काम करावयाचें हें लोकांनाच निवडावयास लावण्याची प्रथा तेथें पडली. लोकांनीं हिंवतापावर बोट ठेवलें. सभेच्या ५० सह्यांच्या मुखत्यारपत्राची आठवण आम्हांस येथें पुन्हां झाली. मात्र या वेळीं मुखत्यार व आजारी एकाच घरचे होते.

यानंतरचीं दोन कामें थोडक्यांत सांगतों. महाराष्ट्रांतील निरनिराळ्या भागांतल्या तेरा संस्थांनीं गडचिरोलीची नोंदीची रीत शिकून घेतली, आपापल्या गांवांत व वस्त्यांत जन्म व बालमृत्यु टिपले, आणि २००१ मध्यें 'कोवळी पानगळ' हा अहवाल मराठींत निघाला. सरकारी नोंदींत दिसतात त्याहून कितीतरी अधिक मुलें मरत आहेत, असें त्यानें दाखवून दिलें; सरकारला त्यावर समिति नेमावी लागली. येथें एका संस्थेचें कसब तेरा संस्थांच्या अंगीं आलें. हें सामर्थ्य भाषणांनीं आलेलें नाहीं. तक्ता कसा आंखावा, मृत जन्मलेलें मूल व जन्मून मेलेलें मूल यांतील भेद आईला कोणत्या शब्दांत विचारावा, पान फाटलें तर काय करावें, अशा कंटाळवाण्या गोष्टी शिकण्यांतून तें आलें. दुसरें काम २००७ पासूनचें. अमरावती, नंदुरबार, तेव्हांचें उस्मानाबाद, पुणें व ठाणें या जिल्ह्यांतून सरकारी आरोग्यसेवेवर गांवांनीं देखरेख ठेवण्याची योजना सुरू झाली. परिचारिका आली कीं नाहीं, औषध मिळालें कीं बाहेरून आणावयास लावलें, पैसे मागितले काय, याचीं उत्तरें गांवसमितीनें जमवावयाचीं आणि हिरव्या, पिंवळ्या व तांबड्या रंगांच्या पत्रकावर मांडावयाचीं. तें पत्रक घेऊन अधिकाऱ्यांपुढें जनसुनावणी होई. प्रश्न गांवाचा, नोंद गांवाची, आणि जाब विचारणाराहि गांवच. १८९७ मध्यें असल्याच धिटाईबद्दल सभेची मान्यता गेली होती. येथें सरकारनेंच तीस पैसे दिले. कोणत्या ठिकाणीं तें सरकारला किती मानवलें हा निराळा विषय आहे.

संस्थांच्या दारिद्र्याविषयीं मात्र बोललें पाहिजे. अशा कामास पैसा येतो तो दोन-तीन वर्षांच्या मुदतीनें. मुदत संपली कीं शिकविलेलीं माणसें दुसऱ्या पोटापाण्यास लागतात, भाड्याची खोली सोडावी लागते, आणि वह्या कोठें ठेवाव्या हा प्रश्न येतो. अहवाल छापलेला असतो, म्हणून वह्यांची गरज संपली असें चालकांना वाटतें. देणगीदारांना तर वह्या आहेत हेंच ठाऊक नसतें. पेशवे दप्तर इनाम कमिशनच्या हिशेबी गरजेमुळें वांचलें. या वह्यांचा असा कोणी स्वार्थी धनी नाहीं.

आणि अहवालांत न आलेलें असें त्यांत पुष्कळ असतें. आमच्या संग्रहांत आतां अशा चार वह्या आहेत. त्यांतल्या एकींत 'मृत्यूचें कारण' या रकान्याखालीं लिहिणारीनें डॉक्टरी नांवें न घालतां घरच्यांनीं सांगितलेलेंच लिहिलें आहे: कोठें 'डबा', कोठें 'नजर', कोठें 'आईला दूध नव्हतें', एके ठिकाणीं 'नदीला पूर'. संस्थेच्या तक्त्यांत या सर्वांचीं दोन-तीन शास्त्रीय नांवें झालीं असतील. रोगाचीं लोकांच्या तोंडचीं नांवें, पेरणीच्या महिन्यांत मुलांचीं वजनें घटतात ती उतरण, ऊसतोडीला गेलेल्या घरांपुढील रिकामे रकाने, हें सर्व पुढच्या शंभर वर्षांच्या अभ्यासकास दुसरीकडे मिळावयाचें नाहीं. शिवाय समासांत पाहावें. समासांत बायांनीं आपलें लिहिलें आहे.

संग्राहकांस दोन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली, वही मूळ बांधणींत ठेवावी. छापील तक्ते वेगळे व कोरीं पानें वेगळीं असें करूं नये, कारण कोऱ्या पानाचाहि अर्थ असतो. शिसपेनीची अक्षरें पुसट होतात, सबब छायाचित्रें आधीं घ्यावीं, अभ्यास मागून. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. जुन्या दप्तरांतील माणसें कधींच गेलेलीं आहेत. या वह्यांतील स्त्रिया हयात आहेत. कोणाचा गर्भ पडला, कोणास कोणता रोग होता, हें त्यांत नांवानिशीं आहे, आणि तें त्यांनीं एका ओळखीच्या बाईला विश्वासानें सांगितलेलें आहे, तुम्हांआम्हांला नव्हे. तेव्हां नांवें झांकल्यावांचून कोणतेंहि पान छापूं नये, लिहिणारीची संमति लेखी घ्यावी, आणि तिनें परत मागितली तर वही परत द्यावी. मालकी तिची, आपण राखणदार. या अटीमुळें कांहीं उत्तम मजकूर आम्हांस या लेखांतूनहि वगळावा लागला आहे.

चौथी वही गेल्या चैत्रांत आली. ती देणाऱ्या बाईंनीं आम्हांस सहीचा कागद वाचून दाखवावयास लावला, दोन शब्द खोडावयास सांगितले आणि मग सही केली. वहीची एक प्रत त्यांनीं स्वतःजवळ मागून घेतली आहे. गांवच्या शाळेंत ती ठेवावयाची आहे, असें त्या म्हणाल्या.